बोंबलांचं पुस्तक

मास्तर, आज तुम्ही असायला हवे होतात. शाळा सुटल्यापासून मी घरात नुसत्या येरझारा घालतेय. चुलीवरचा भात खाली लागला, नवरा रेवसला मचवा लावून येईल तेव्हा त्याला करपलेलाच वाढावा लागणार, तर खाऊ दे एक दिवस. मला कुणाला तरी सांगायचंय, आणि हे सांगण्यासारखं माणूस एकच होतं. त्याला जाऊन आता बारा-तेरा वर्षं झाली. म्हणून दौत घेऊन बसलेय. पत्र कुठं पाठवायचं हा प्रश्नच नाही, पण आत्ता बोलले नाही तर माझं पोट फुगेल! आज माझ्या वर्गात जे झालं ते सांगतेच, पण आधी आपल्या शाळेचं सांगते. त्याशिवाय आजचं कळायचं नाही.

आपली शाळा म्हणजे देवळाशेजारची ती लांब पडवी. पुढे खोताची आणि दुकानदारांची पोरं, मागे भिंतीला टेकून आम्ही कोळीवाड्यातली सात-आठजणं. तिथं आम्हाला कुणी बसवलं नव्हतं, आमचे आम्हीच जाऊन बसायचो. कुणी वास येतो म्हणून नाक मुरडायच्या आधी आपणच लांब बसलेलं बरं, असा हिशेब. आणि तुम्हीसुद्धा घाटावरून आलात तेव्हा पहिला महिनाभर उपरणं नाकाशी धरून शिकवत होतात, ते मी विसरले असेन असं समजू नका. पहिल्याच दिवशी तुम्ही हजेरी घेताना मी ‘हजर’ऐवजी ‘हाय’ म्हणाले आणि पुढची ओळ खो-खो हसली. तेव्हा जे तोंडाला कुलूप लागलं ते दीड वर्ष निघालं नाही. तुम्ही विचारायचात, मी पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरायची. सरकारी पुस्तकात चित्रं होती. कोट-टोपीतला मुलगा, बागेतला बंगला, एक घोडा, आणि पाटावर बसून लाडू वळणारी आई. मी त्या आईकडे तासन् तास बघायची. मला वाटायचं, पुस्तकात यायला माणूस असाच असावा लागतो. आमच्यासारखी माणसं पुस्तकात येत नाहीत, कारण आली तर कागदालाही वास येईल. हे मी मनाशी पक्कं धरून बसले होते, आठ वर्षांची पोर!

मग दिवाळीनंतरचा तो दिवस. तुम्ही फळ्यावर खडूनं आमचा किनारा काढताय. बांबू उभे, त्यांना आडव्या दोऱ्या, आणि दोरीवर एकेक बोंबील शेपटीला गाठ मारून टांगलेला. धोतरं वाळत घालावीत तसे! मागच्या भिंतीला खुसखुस सुरू झाली. मी तोंड दाबून बसले, पण ते चित्र काही बघवेना. आमचं अख्खं घर ज्या कामावर जगतं ते काम कुणी असं वेडंवाकडं काढावं? माझ्या नकळत मी उभी राहिले.

“मास्तर, असं न्हाय!”

तुम्ही वळलात. “मग कसं?”

“बोंबील शेपटीला न्हाय बांधत कोन. येवढ्या गाठी मारीत बसलो तर मासळी कुजून जाईल.”

वर्ग हसला, पण या खेपेला माझ्यावर नाही. तुम्ही खडू पुढे केलात. “ये, तू दाखव.” मी तळहातानं तुमचे सगळे बोंबील पुसून टाकले. आठवतं तुम्हाला? मास्तरांचं चित्र पुसलं म्हणून पुढची पोरं आ वासून बघत राहिली. मग मी दोन बोंबील काढले, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवलेला. त्यांचे दातच एकमेकांना धरून ठेवतात, गाठ नको की खिळा नको. जोडी झाली की दोरीवर टाकायची, एक अलीकडे, एक पलीकडे. तुम्ही फळ्याजवळ वाकून बघितलंत आणि म्हणालात, “मला हे ठाऊक नव्हतं.” अगदी सरळ, सगळ्यांसमोर. मास्तरांना ठाऊक नसतं असंही काही असतं, हे मुळी मलाच ठाऊक नव्हतं. त्या दिवशी मी घरी चालत गेलेच नाही, पळत गेले.

दुसऱ्या दिवशी तुम्ही कापडवाल्याकडून ठाणांना गुंडाळायचा खाकी कागद मागून आणलात. आपण पुस्तक करायचं, तुम्ही म्हणालात, आपल्या किनाऱ्याचं. कागद पातळ होता म्हणून दोन-दोन ताव खळीनं चिकटवले. समुद्राला कपड्यांची नीळ, होडीला गेरू, वाळूला हळद, आणि काळं म्हणाल तर चुलीतला कोळसा. काय धुमाकूळ घातला आम्ही! खोताचा मुलगा, जो आमच्या बाजूला फिरकत नसे, तो आमच्या घोळक्यात घुसून विचारायला लागला, खेकड्याला पाय किती, मचव्याचं शीड कुठल्या अंगाला फुगतं. आम्ही सांगायचो आणि जे सांगायचो तेच तुम्ही चित्राखाली ठळक अक्षरांत लिहायचात. पुस्तक शिवायची वेळ आली तेव्हा माझा बा जाळं विणायची लाकडी सुई आणि दोरा घेऊन आला आणि दाराबाहेरच उभा राहिला. तुम्ही त्याला आत बोलावून शेजारी चटईवर बसवलंत. त्यानं शेवटची गाठ मारली आणि म्हणाला, “मास्तर, कागद फाटंल, पन ही गाठ सुटायची न्हाय.” मास्तर, अजून सुटलेली नाही.

पण एक पान राहिलं होतं, आईचं. ते तुम्ही मला दिलंत. मी काय केलं, तर सरकारी पुस्तकातली आई उतरवून काढली. पाट, लाडू, अंबाडा, दोन्ही हात भरून बांगड्या. मला वाटलं, आता शाबासकी मिळणार. तुम्ही चित्र बघितलंत आणि तुमचा चेहराच उतरला. तुम्ही मला एकदाच रागावलात, ते हेच. “ही कोण?” “आय.” “कुणाची? तुझी आई लाडू वळत बसते? तुझी आई मी रोज किनाऱ्यावर बघतो, ही ती नाही. घरी जा. आज शाळा नाही तुला. तिच्याकडे नीट बघ आणि मग ये.” मी रडत घरी गेले. भोकाड पसरूनच गेले म्हणा ना. आय ओल्या बोंबलांच्या ढिगाशी उकिडवी बसली होती. मी शेजारी बसून बघायला लागले, आणि मास्तर, मी तिला खरंच कधी बघितलंच नव्हतं! तिचे हात इतके भरभर चालायचे की जोडी जुळलेली डोळ्याला दिसायची नाही. कासोटा घट्ट, पिंडऱ्यांवर खवले चिकटलेले, कानात जड बाळ्या. आणि डाव्या हातात कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या, पण उजवा हात रिकामा. रोज त्याच हातानं ती मला भरवायची, पण तो रिकामा का, हे मी कधी विचारलं नव्हतं. त्या दिवशी विचारलं.

आय हात न थांबवता म्हणाली, “त्या दर्याला दिल्या गो. लगनाच्या दिवशी.”

“कनाला?”

“तुझ्या बाला सांभाळ म्हनून. येक हात माझा, येक दर्याचा. आपल्यात समद्याच देतात.” मग तिनं पहिल्यांदा मान वर केली. “पन तू शाळा सोडून हितं काय करतंस? दोन वरसं व्हायला आली, येक अक्षर वाचून दावलं न्हाईस. शिमगा झाला की पुरे तुझी शाळा. मला हाताखाली मानूस पायजे. न्हाय तर वाचून दाव, मंग बघू.”

आणि इथंच माझी अडचण होती, जी मी कुणालाच सांगितली नव्हती. मला वाचता येत नव्हतं. अक्षरं म्हणजे मला मुंग्या वाटायच्या, एका जागी ठरायच्याच नाहीत. दीड वर्ष मान खाली घालून बसले होते, तेव्हा ते कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. पण शाळा सुटणार म्हटल्यावर माझ्या तोंडचं पाणी पळालं. आता कुठं मला शाळेत बोलता यायला लागलं होतं, फळ्यावर माझे बोंबील होते, खाकी पुस्तकात माझी चित्रं होती, आणि शिमगा महिन्यावर आलेला! मी आईचं पान काढलं. आयचं, माझ्या आयचं. खवले, बाळ्या, कासोटा, एक हात भरलेला, एक रिकामा. तुम्ही ते बघितलंत आणि पुस्तकात शेवटी लावलंत. माझी वाक्यं, माझी चित्रं. ते पुस्तक मला तोंडपाठ होतं. चित्र दिसलं की वाक्य बाहेर. मी रात्रंदिवस तेच घोकत होते.

शाळा तपासायला डिपोटीसाहेब आले तो दिवस अगदी माघातला शेवटचा असेल. त्या सकाळी वारा साफ पडला होता. बा शीड गुंडाळून, वल्ही मारून मारून किनाऱ्याला लागला, खांदे चोळत बसला, म्हणाला असा मेलेला दिवस बघितला न्हाय. डिपोटीसाहेब अलिबागेहून बैलांच्या दमणीतून आले, पगडी, चष्मा, बगलेत शेरेबुक. आणि त्याच वेळी माझी आय मासळीची टोपली डोक्यावर घेऊन शाळेच्या दारात येऊन उभी! माझं नाव काढायला सांगायला आली होती, शिमग्यापर्यंतसुद्धा धीर निघाला नाही तिला. साहेबांनी पुढच्या पोरांना सरकारी पुस्तकातलं वाचायला लावलं, आणि मग चष्म्यावरून मागे बघत थेट माझ्यावर बोट रोखलं. तुम्ही पुढे झालात. “साहेब, हिचं या पुस्तकातलं ऐकावं. हे मुलांनी केलेलं आहे.” आणि ते खाकी पुस्तक माझ्या हातात दिलंत.

मी सुरू केलं. ‘ही आमची होडी. बा पहाटे जातो.’ पान उलटलं. ‘हे जाळं. माझ्या आजानं विणलं.’ पान उलटलं. ‘हे बोंबील. तोंडात तोंड घालून वाळतात.’ आवाज चढत चालला होता, मला माझीच मजा वाटत होती. पुढे खेकडा. पान उलटलं, पण नजर साहेबांच्या चष्म्यावर. ‘हा खेकडा. याला पुढं जायचं असलं तरी हा बाजूला जातो.’ साहेब हसले, खाली मान घालून शेरेबुकात काहीतरी लिहायला लागले. एवढ्यात तुम्ही माझ्या मागे आलात. “वारा फार आहे हो आज, पानं उडतात,” असं म्हणत तुम्ही हात घातलात, खळीनं चिकटलेली दोन पानं नखानं सोडवलीत आणि खेकड्याचं पान उघडून ओळीखाली अंगठा ठेवलात. मी बघितलं तेव्हा समोर खेकडाच होता. मला वाटलं, बरं झालं, मास्तर मदतीला आले.

मग शेवटचं पान. ‘ही माझी आय. आयचे हात दिसत नाहीत इतके भरभर चालतात.’ साहेबांनी पुस्तक हातात घेतलं, चित्रावर वाकले. “चित्र छान आहे, बाळ. पण या हातात बांगड्या काढायच्या राहिल्या वाटतं?” पुढची ओळ खुदकन हसली. मी दाराकडे बघितलं. आय टोपली सावरून उभी होती, उजवा हात वर, रिकामा, सगळ्यांना दिसेल असा. आणि तिच्या चेहऱ्यावर ते होतं जे माझ्या चेहऱ्यावर दीड वर्ष होतं. आता हात खाली घ्यावा, पदराखाली लपवावा, असं तिला वाटत होतं. मला कळलं ते. मी साहेबांकडे वळले.

“राहिल्या न्हायत, साहेब! माझ्या आयच्या उजव्या हातात बांगड्या नसतातच. लगनात तिनं त्या दर्याला दिल्या, बाला सांभाळावं म्हनून. येक हात तिचा, येक दर्याचा. ती बघा दारात उभी हाय, बघा!”

सगळी शाळा वळून दाराकडे बघायला लागली. आयनं हात खाली घेतला नाही. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, आणि म्हणाले, “मग चित्र पुरं आहे. माझंच चुकलं.” शेरेबुकात त्यांनी काय लिहिलं ते तुम्ही नंतर आम्हाला वाचून दाखवलंत, ‘मुले धीट आहेत.’ आम्ही आठवडाभर एकमेकांना धीट म्हणून हाक मारत होतो.

साहेब गेल्यावर आय दारातूनच म्हणाली, “मास्तर, पोरगी वाचती म्हनायची?” तुम्ही म्हणालात, “ऐकलंत ना तुम्ही.” आयनं हात लुगड्याला पुसले, पुसले, पुन्हा पुसले, तरी पुस्तकाला हात लावेना. तुम्हीच ते तिच्या हातात ठेवलंत. तिनं स्वतःचं चित्र बघितलं. माझी आय, मास्तर, जिनं बाजारात भल्याभल्यांची बोलती बंद केली, ती चित्रातल्या आपल्या कानावर नुसतं बोट फिरवत राहिली. शेवटी म्हणाली, “बाळ्या बरोबर काढल्यास गो.” आणि तुम्हाला, “येऊ दे तिला. बोंबील मी लावीन.” त्या पानाच्या कोपऱ्यावर तिच्या अंगठ्याचा तेलकट डाग अजून आहे. वाससुद्धा आहे, मी कधीकधी हुंगते. हसू नका.

त्यानंतर तुम्ही रोज शाळा सुटल्यावर मला ते पुस्तक घेऊन बसवायचात. “तू जे बोललीस तेच इथं आहे. ‘बोंबील’ कुठं असेल, शोध.” मी बोट ठेवून शोधायची. काय असायला हवं ते मला माहीतच होतं, त्यामुळे मुंग्या एकेक करून जागेवर बसायला लागल्या. शिमगा गेला, पाडवा गेला, आणि एक दिवस मी दुकानाच्या पाटीवरचं अख्खं वाचलं आणि रस्त्यातच नाचले. पण मनात एक काटा राहिला तो राहिलाच. साहेबांपुढे मी वाचलं नव्हतं, थाप मारली होती. साहेबांना फसवलं, आयला फसवलं, ते एक वेळ चालेल. पण तुम्ही माझ्यावर विश्वास टाकून पुस्तक हातात दिलंत आणि मी तुम्हालाही फसवलं. कबूल करायचं धाडस होईपर्यंत मी चौथीत गेले, आणि त्या पावसात तुम्ही तापानं गेलात. आजारपणात एकदा भेटायला आले तेव्हा तुम्ही ते पुस्तक मला दिलंत, म्हणालात, “सांभाळ. पुढच्यांना लागेल.” तेव्हा सांगायला हवं होतं. ओठांवर आलं होतं.

आता आजचं! मी हल्ली पेणेकडच्या मिठागराच्या गावात पहिलीला शिकवते. इथली पोरं भिंतीला टेकत नाहीत, ती पाय लपवतात. मिठानं आणि चिखलानं भेगाळलेले पाय, सारखे परकराखाली, मांडीखाली. मी तुमचंच केलं. खाकी कागद, खळ, नीळ, आणि मिठागराचं पुस्तक. एक मुलगी आहे, वर्षभर गप्प. तिनं आपल्या बापाचं चित्र काढलं, मिठाचे वाफे भरायच्या आधी तळाचा चिखल पायांनी तुडवून घट्ट करतात ना, तसा तुडवणारा. पाय त्याच्या डोक्याहून मोठे! मी विचारलं एवढे मोठे का, तर म्हणते, “बाई, पायांशिवाय मीठ व्हईल काय?” आज तिचा बाप दारात आला, पोरीला मिठागरावर कामाला न्यायला. मी म्हटलं, थांबा, आधी हिचं ऐका. ती उभी राहिली, ताठ, पाय उघडे टाकून, आणि धडाधड म्हणायला लागली. बापाच्या तोंडावर असं काही उजाडलं म्हणता! आणि मध्येच तिनं दोन पानं एकदम उलटली. तोंडानं मीठ भरतेय, समोर पाऊस पडतोय.

मी उठले. तिच्या मागे गेले. माझ्या तोंडून आपोआप निघालं, “वारा फार आहे गं आज,” आणि मी पान मागे उलटलं, ओळीखाली अंगठा ठेवला.

आणि मास्तर, तिथंच थिजले मी. कारण आज वारा नव्हता. पोरं घामानं भिजलेली, झाडाचं पान हलत नव्हतं. आणि त्या दिवशीही नव्हता! बा वल्ही मारत आला होता! मी भर वर्गात अशी खदखदून हसले की पोरांना वाटलं, बाई बिघडल्या. इतकी वर्षं मी तो काटा पोटात घेऊन फिरले, आणि तुम्हाला सगळं माहीत होतं. ‘वाचावं’ म्हणाला नव्हतात तुम्ही, ‘ऐकावं’ म्हणाला होतात. आयला ‘हो’ म्हणाला नव्हतात, ‘ऐकलंत ना’ म्हणाला होतात. केवढे पोचलेले होतात हो तुम्ही!

तर जे तेव्हा ओठांवर आलं होतं ते आता लिहिते. मास्तर, त्या दिवशी मला वाचता येत नव्हतं. एक अक्षरसुद्धा. हे पत्र मी खेकड्याच्या पानात ठेवणार आहे, तिथं खळ अजून थोडी चिकटते. माझा उजवा हातही आता रिकामाच असतो, त्यामुळे लिहिताना घरात आवाज होत नाही. आणि आणखी एक, तुम्हालाच म्हणून सांगते. बाप पोरीला न नेता परत गेल्यावर मी हजेरीच्या वहीत तिच्या नावापुढे ‘वाचते’ असं लिहून टाकलं. अजून तिला येत नाही. येईल.